जादूगार चुंग लिंग सू यांची जीवनकथा

ख्रिस्तोफर नोलन यांचा 2006 सालचा 'द प्रेस्टीज' हा थरारपट तुमच्यापैकी अनेकांनी थिएटरात पाहिला असेल. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन जादूगारांची ही गोष्ट. त्यात एक छोटासा प्रसंग आहे. एक अधू, थकलेला चिनी जादूगार कापडाखालून पाण्याने भरलेलं माशांचं भांडं काढून दाखवतो. ते जड भांडं त्याने झग्याआड, दोन पायांमध्ये धरलेलं असतं. कुणाला शंका येऊ नये म्हणून तो रस्त्यावरही तसाच अडखळत चालतो.

सिनेमातले ते दोन नायक काल्पनिक आहेत, पण हा जादूगार मात्र खरा होऊन गेला. मोठी मुलं सिनेमा पाहून आली की त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

चुंग लिंग सू चिनी नव्हताच! त्याचं खरं नाव विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन. जन्म 2 एप्रिल 1861, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. हात अतिशय कुशल. हॅरी केलर आणि अलेक्झांडर हरमन या त्या काळच्या नामवंत जादूगारांकडे तो पडद्यामागचं काम करायचा. युक्त्या रचायच्या याने आणि टाळ्या मिळायच्या मालकांना. रंगमंचावर बोलून लोकांना गुंगवणं त्याला फारसं जमत नसे.

1898 साली चिंग लिंग फू हे खरेखुरे चिनी जादूगार अमेरिकेत आले. पाण्याचं भांडं काढण्याचा खेळ त्यांचा. तो करून दाखवणाऱ्याला 1000 डॉलरचं बक्षीस त्यांनी जाहीर केलं. रॉबिन्सन पुढे आला, पण त्याला संधीच दिली गेली नाही. हे त्याच्या मनाला लागलं असणार.

पुढे 1900 साली पॅरिसमध्ये चिनी जादूगाराची मागणी आली. रॉबिन्सनने डोकं भादरलं, शेंडी लावली, चेहरा रंगवला, रेशमी झगा चढवला. लवकरच लंडनमध्ये तो चुंग लिंग सू या नावाने गाजू लागला. नावसुद्धा फू यांच्या नावाशी मिळतंजुळतं! आता रंगमंचावर बोलायची गरजच उरली नाही. पत्रकारांशी तो दुभाष्यामार्फत बोलायचा. त्याची सहकारी ऑलिव्ह हिलाही त्याने सुई सीन हे चिनी नाव दिलं.

1905 साली खरे फू लंडनला आले. हा माणूस चिनी नाही, असं त्यांनी उघड सांगितलं आणि आव्हान दिलं. ठरल्या दिवशी सू हजर झाला, फू मात्र आलेच नाहीत. झालं! खऱ्यापेक्षा नकलेचाच बोलबाला झाला.

सूचा सर्वांत धाडसी खेळ म्हणजे बंदुकीची गोळी झेलणं. प्रेक्षकांनी खूण केलेली गोळी बंदुकीत भरली जाई. पण बंदुकीत बदल केलेला असे. मुख्य नळीतली गोळी जागीच राही आणि खालच्या नळीतली नुसती दारू उडे. खेळानंतर तो बंदुकीचा मागचा भाग खोलून गोळी नि दारू काढून घ्यायचा. पुन्हा पुन्हा खोलून तिथले आटे झिजले आणि बारीक फट पडली. 23 मार्च 1918 रोजी लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर थिएटरात त्या फटीतून ठिणगी मुख्य नळीत गेली. गोळी खरोखरच सुटली आणि त्याच्या छातीत घुसली.

तेव्हा प्रेक्षकांसमोर प्रथमच तो इंग्रजीत बोलला. काहीतरी बिघडलंय, पडदा पाडा, अशी त्याने विनवणी केली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. चौकशीत हा अपघात ठरला.

वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर लगेच तात्पर्य काढू नका. मुलांना एवढंच विचारा, की रॉबिन्सनची मेहनत आणि हुशारी खरी होती, मग फू यांच्यावर अन्याय झाला का? एखाद्याकडून शिकणं आणि त्याची ओळखच घेणं, यात फरक कुठे पडतो? मुलं दोन्ही बाजूंनी बोलतील. त्यांना बोलू द्या. वहीत दुसऱ्याचा निबंध जसाच्या तसा उतरवण्याचा विषयही मग त्यांच्याच तोंडून निघेल.