तुपाच्या थेंबाला लटकलेली प्लेगची लस

परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहिती आहे. पण वाल्देमार हाफकिन हे मुंबईचे सोडा, भारताचेही नव्हते. 1860 साली ओडेसातल्या ज्यू घरात जन्मलेला हा माणूस. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1893 मध्ये ती घेऊन ते भारतात आले.

1896 ला मुंबईत प्लेग शिरला. मांडवीत रुग्ण सापडले आणि लोक शहर सोडून पळायला लागले. सरकारने हाफकिनना बोलावून घेतलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली अन् व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, बास.

लस बनवायला आधी जंतू वाढवावे लागतात, तेही भरपूर. इथे कामाला आलं तूप.

मिसळीवर तर्रीचा तवंग का येतो? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेला-तुपाच्या लांबलचक साखळ्यांना ते थारा देत नाहीत, आणि तेल-तूप पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वरच तरंगतं. हाफकिननी मांसाच्या पातळ सुपात तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला चिकटून वडाच्या पारंब्यांसारखे खाली वाढायला लागले. बाटली हलवली की पारंब्या तळाशी पडायच्या, थेंबाखाली नव्या यायच्या. पाच-सहा आठवडे हेच चालायचं. मग तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल, घालायचं.

फिनॉलची तऱ्हा तुपापेक्षा वेगळी. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, बाकीचं अंग पाणी टाळतं. त्यामुळे साध्या तापमानाला ते पाण्यात साधारण 8 टक्क्यांपर्यंतच विरघळतं, पण 66 अंशांच्या वर हवं तेवढं मिसळतं. लशीत अर्धा टक्काच लागायचं, त्यामुळे अडचण नव्हती.

10 जानेवारी 1897 ला हाफकिननी पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली.

मग आलं 1902. मागणी प्रचंड वाढली होती, म्हणून उत्पादनाची पद्धत बदलली. फिनॉल वगळलं आणि फक्त उष्णतेवर भर दिला. 30 ऑक्टोबरला पंजाबातल्या मुल्कोवालमध्ये 107 जणांना लस दिली. त्यातले 19 जण धनुर्वाताने गेले, आणि सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. फिनॉल का काढलं, असं म्हणत खापर हाफकिनवर फोडलं गेलं आणि त्यांना पदावरून दूर केलं.

खरी गोष्ट निघाली वेगळीच. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला. धनुर्वाताचे बीजाणू इतके चिवट की असल्या बुडवण्याने ते मरत नाहीत. म्हणजे ज्या फिनॉलच्या नावाने ओरड चालली होती, त्याच्यावरचा भरवसाच नडला. शिवाय त्याच लशीच्या बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं, एवढं तरी चौकशीवाल्यांनी बघायला हवं होतं.

1907 मध्ये रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिन सुटले. ते भारतात परतले, पण त्यांना मुंबई मिळाली नाही, कलकत्ता मिळालं. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा ते हयात होते. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.