नेत्रवैद्य कै. डॉ. फ्रेड हॉलोज

वॉलॉंगॉंग आणि आसपास राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी कित्येकांच्या डोळ्यांत आज कृत्रिम भिंग आहे. सकाळी हॉस्पिटलात जायचे आणि दुपारी घरी चहाला परत यायचे, इतके ते सोपे झाले आहे. आम्ही मुंबईत नर्सिंग शिकलो तेव्हा मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून त्याला निपचित झोपवावे लागे, आणि पुढे जन्मभर जाड काचेचा चष्मा. म्हणून या अंकात डॉ. हॉलोज यांची आठवण करावीशी वाटली.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १९२९ रोजी न्यूझीलंडमधील डनेडिन येथे झाला. वडील आगगाडीचे ड्रायव्हर. आधी धर्मोपदेशक होण्याचा विचार होता, तो सोडून ते वैद्यकाकडे वळले. इंग्लंडात मूरफील्ड्स येथे नेत्रविद्या शिकून १९६५ साली ते सिडनीला आले.

१९६८ च्या सुमारास ते उत्तरेकडील वॉटी क्रीक येथे गुरिंजी आदिवासींच्या वस्तीवर गेले. तिथे त्यांना खुपऱ्यांनी अधू झालेले डोळे दिसले. हा रोग पुन्हापुन्हा झाला की पापणीच्या आत व्रण पडतात, पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळावर घासत राहतात. तोंड धुवायला पुरेसे पाणी नसेल, धूळ आणि माश्या असतील, तिथे मुलांना तो एकमेकांपासून लागतो. श्रीमंत ऑस्ट्रेलियात हे असावे याचा त्यांना संताप आला. १९७१ साली रेडफर्न येथे आदिवासींसाठी दवाखाना निघाला, त्याला त्यांनी हातभार लावला. १९७६ पासून त्यांनी देशभर नेत्रतपासणीची मोहीम चालविली. ४६५ वस्त्या पालथ्या घातल्या, एक लाखाहून अधिक माणसे तपासली आणि सुमारे एक हजार शस्त्रक्रिया केल्या. या मोहिमेत गॅबी याही होत्या. पुढे १९८० साली दोघांचा विवाह झाला.

स्वभाव तापट, जीभ शिवराळ. १९८५ साली सरकारने देऊ केलेला सन्मान त्यांनी आदिवासींच्या आरोग्याची हेळसांड पाहून नाकारला.

त्याच वर्षी ते नेपाळला गेले. तेथील डॉ. संदुक रुईत पुढे सिडनीला त्यांच्याकडे शिकले. १९८७ साली ते एरिट्रियात गेले. तिथे लढाई चालू होती. भिंग महाग, म्हणून गरिबाला ते मिळत नाही, तेव्हा ते गरिबाच्याच देशात तयार व्हावे, असा त्यांनी ध्यास घेतला.

१९८९ साली मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला. व्हिएतनाममधील तीनशेहून अधिक नेत्रवैद्यांना नवी पद्धत शिकविण्याचा शब्द त्यांनी दिला होता. तो पाळण्यासाठी ते हॉस्पिटलातून स्वतःच्या जबाबदारीवर निघून हनोईला गेले. अशा रोग्यावर आम्ही नर्सेस रागावतो. यांच्यावर रागावता आले असते का, कोण जाणे! १९९२ साली पती-पत्नींनी त्यांच्या नावाची संस्था स्थापन केली.

१० फेब्रुवारी १९९३ रोजी सिडनीत त्यांचे निधन झाले. अस्मारा व काठमांडू येथील भिंगांचे कारखाने १९९४ साली सुरू झाले. ते पाहायला ते राहिले नाहीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दूर बर्क येथे, जिथे त्यांनी आदिवासींचे डोळे तपासले होते त्या लाल मातीत पुरले आहे.