लक्ष्मण देशपांडे : प्रयोगकारामागील अध्यापक

लक्ष्मण देशपांडे (1943–2009) यांचे नाव निघताच ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग आठवतो, आणि ते विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवीत होते ही गोष्ट मागे पडते. त्यांच्या चरित्राचा विचार करताना हा क्रम उलटा लावणे इष्ट ठरते. कारण अध्यापकाची शिस्त वजा केली तर त्या प्रयोगाची बांधणीच उलगडत नाही.

मराठवाडा विद्यापीठ 1958 साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झाले. पुढे तेथे उभ्या राहिलेल्या नाट्यशास्त्र विभागात देशपांडे अध्यापक व कालांतराने विभागप्रमुख झाले. 1994 साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत लातूर-नांदेडची महाविद्यालयेही याच विद्यापीठाच्या कक्षेत होती. औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावाच्या परिसरात पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्याच विद्यापीठात नाट्यशिक्षण घ्यायचे तर औरंगाबादची वाट धरावी लागे. अशा विद्यार्थ्याच्या जिभेवर जी मराठी असे तिला सीमाभागात कानडीचा, नांदेडकडे तेलुगूचा आणि सर्वत्र दखनी उर्दूचा स्पर्श होता. व्यावसायिक रंगभूमीचे केंद्र मात्र मुंबई-पुणे. तेथे ही बोली बहुधा दुय्यम वा विनोदी पात्राच्या वाट्याला येई. ती पुसून विद्यार्थ्याला नट करावयाचे, की तिच्यातूनच त्याचा वाचिक अभिनय घडवावयाचा, हा मराठवाड्यातील नाट्याध्यापकापुढील खरा पेच होता.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस रंगमंचावर आलेला ‘वऱ्हाड’ हे त्या पेचाचे प्रात्यक्षिक उत्तर म्हणून पाहता येते. मराठवाड्यातील खेडूत लग्नासाठी विमानाने लंडनला निघतात, एवढेच कथानक. सुमारे तीन तास एकच नट 52 व्यक्तिरेखा उभ्या करतो. भरतमुनींच्या चतुर्विध अभिनयापैकी आहार्य येथे जवळजवळ बाद होतो आणि सारा भार आंगिक, वाचिक व सात्त्विक यांवर पडतो. दोन पात्रांच्या संवादात नजरेची दिशा चुकली की दोघेही नाहीसे होतात. खांद्याची ठेवण, स्वराची उंची, शब्दाआधीचा विराम यांतील प्रत्येक बदल काटेकोर ठरलेला असावा लागतो. विमानातील आसनांच्या रांगा तर केवळ शरीराच्या वळणांतून निर्माण होतात. वर्गात सुटे सुटे शिकविले जाणारे सारे घटक येथे एकत्र नांदतात.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने एकपात्री प्रयोगाला आधीच प्रतिष्ठा दिली होती, परंतु ती चाळ मुंबईच्या मध्यमवर्गाची होती. तीन तास मराठवाडी बोलीला ऐकणारा प्रेक्षक मिळवून देणे हे लक्ष्मण देशपांडे यांचे स्वतंत्र कार्य होय. प्रयोगातील हसू खेडुताच्या भाबडेपणावर विसंबते, हा आक्षेप घेता येतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि बोलीचा नाद, तिचे हेलकावे यांत नटाने कोठेही कुचेष्टा येऊ दिलेली नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. पुढे ती नव्या जागी वसली. जुन्या गावठाणांतील शेजार, पारावरच्या बैठका यांची घडी त्यामुळे मोडली. गावगाड्यातील माणसांचा असा मेळा रंगमंचावर भरवणाऱ्या या प्रयोगाला त्यानंतर, निदान या भागातील प्रेक्षकापुरते, एक वेगळे मोल आले असे म्हणावे लागते.

2004 साली गिनेस बुकाने प्रयोगाची नोंद घेतली. देशपांडे यांच्या निधनानंतर संदीप पाठक यांनी तो पुन्हा रंगमंचावर आणला. केवळ मूळ नटाच्या व्यक्तिमत्त्वावर उभी मानली गेलेली संहिता दुसऱ्या नटाला शिकून घेता आली.