गिटारशिल्पी तोर्रेस

स्पेन देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी, आल्मेरिया नावाचे एक जुने बंदर आहे. पाऊस बेताचा, जमीन रुक्ष आणि डोंगर उघडेबोडके, असा हा मुलूख. या बंदराजवळच्या ला कान्यादा नावाच्या खेड्यात १३ जून १८१७ रोजी आंतोनियो दे तोर्रेस हुरादो याचा जन्म झाला. त्याचे वडील करवसुलीचे काम करीत. घरची स्थिती बेताचीच होती. मुलाने फार शिकावे अशी सोय नव्हती. तेव्हा त्याच्या हाती एखादा धंदा तरी लागावा म्हणून बाराव्या वर्षी त्याला एका सुताराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. ज्या वयात आज तुम्ही पाटीदप्तर घेऊन शाळेत येता, त्या वयात आंतोनियो रंधा धरावयास शिकत होता.

१८३३ मध्ये स्पेनचा राजा मरण पावला आणि गादी कोणाची, या प्रश्नावरून देशात यादवी युद्ध पेटले. राजाची लहानगी मुलगी एका बाजूस व राजाचा भाऊ दुसऱ्या बाजूस. या भांडणाशी आल्मेरियाच्या सुताराचा काय संबंध? परंतु सैन्यभरतीचे बोलावणे गरिबांच्या दाराशी प्रथम येते. आंतोनियोलाही ते आले. वडिलांनी खटपट करून, प्रकृतीचे कारण दाखवून त्याला सोडवून आणले. भरतीत अविवाहितांनाच आधी नेत असल्यामुळे १८३५ मध्ये घाईघाईने त्याचे लग्नही उरकण्यात आले. नवरा अठरा वर्षांचा आणि नवरी अवघी तेरा वर्षांची!

युद्ध टळले, पण सुख काही लाभले नाही. सुतारकामाच्या तुटपुंज्या मिळकतीत संसार चालेना आणि कर्ज डोक्यावर चढू लागले. तीन मुली झाल्या, त्यांपैकी दोन लहानपणीच गेल्या. १८४५ मध्ये पत्नीही क्षयाने वारली. तेव्हा तिचे वय तेवीस होते. अठ्ठाविसाव्या वर्षी तोर्रेस विधुर झाला. त्याने गाव सोडले आणि सेव्हिल या मोठ्या शहराची वाट धरली.

सेव्हिल हे आंदालुसिया प्रांताचे मुख्य शहर. येथे रस्तोरस्ती गिटार वाजत असे. विवाह असो, जत्रा असो की नुसती उन्हाळ्यातील रात्र असो, गिटारीवाचून तेथील लोकांचे चालत नसे. सहा तारांचे हे वाद्य. त्यांतील तीन तारा जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीच्या आणि तीन रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळलेल्या. मात्र त्या काळची गिटार आकाराने लहान आणि आवाजाने नाजूक असे. चारचौघांच्या बैठकीत ती गोड लागे; मोठ्या दिवाणखान्यात तिचा स्वर मागच्या रांगेपर्यंत पोचण्याआधीच विरून जाई. त्यामुळे पियानो व व्हायोलिन यांच्या मैफलीत गिटारीला कोणी मानाचे पान देत नसे.

तोर्रेसने सेव्हिलमध्ये सुतारकाम चालू ठेवले आणि एका दुसऱ्या कारागिराबरोबर भागीने जागा घेऊन तो फावल्या वेळात गिटारी करू लागला. प्रारंभी हा त्याचा छंदच होता. पोटाचा धंदा निराळा. त्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते. पण १८५०च्या सुमारास हुलियान आर्कास या नामांकित वादकाशी त्याची गाठ पडली. आर्कास हा आल्मेरिया प्रांताचाच, तोर्रेसपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मोठमोठ्या सभागृहांतून वाजविणाऱ्या आर्कासला आपल्या वाद्याची उणीव रोज जाणवत असे. त्याने तोर्रेसच्या हातचे काम पाहिले आणि इतर सर्व कामे सोडून गिटारीच घडव, असा आग्रह धरला. कर्जाने पोळलेल्या माणसाने असा सल्ला ऐकणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. तोर्रेसने तो ऐकला.

आता या सुताराने नेमके काय केले, हे नीट समजून घेतले पाहिजे. तार छेडली की ती कंप पावते. परंतु बारीक तारेने हवा अशी कितीशी हलणार? तारेचा कंप घोडीवाटे खालच्या लाकडी पाटीत, म्हणजे तबलीत उतरतो आणि ती रुंद पाटी कापू लागली म्हणजेच खरा नाद निघतो. सतारीच्या तबलीचेही काम हेच आहे. तेव्हा तबली जितकी पातळ व हलकी, तितकी ती सहज कापणार आणि आवाज मोठा येणार. मग करावी ती हवी तेवढी पातळ! पण येथेच अडचण आहे. सहा तारांची ओढ एकसारखी तबलीवर असते. पातळ तबली त्या ओढीने वाकते आणि शेवटी फुटते. जाड ठेवावी तर वाद्य मुके होते, पातळ करावी तर मोडते, असा हा पेच होता.

तोर्रेसच्या आधीच्या काही स्पॅनिश कारागिरांनी तबलीला आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या लाकडी पट्ट्या सरसाने चिकटविण्यास आरंभ केला होता. तोर्रेसने ही युक्ती उचलली आणि ती पूर्णत्वास नेली. गिटारीचे पोट त्याने मोठे केले. स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची तबली त्याने कागदासारखी नव्हे, पण जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची ठेवली, आणि कडांकडे ती आणखी तासली. तिला त्याने किंचित घुमटाचा फुगवटा दिला, कारण सपाट पाटीपेक्षा फुगीर पाटी भार अधिक सोसते. आतील पट्ट्या, बहुधा सात, भूमितीच्या हिशोबाने पतंगाच्या आकारात बसविल्या. पट्ट्या हलक्या, पण त्यांची मांडणी अशी की तारांची ओढ साऱ्या तबलीवर वाटली जावी. जोडकामाला खिळा म्हणून नाही. सारे काम पटाशी, रंधा आणि सरस यांचे. तारेची कंप पावणारी लांबी त्याने सुमारे पासष्ट सेंटिमीटर ठेवली. आज जगभर शास्त्रीय गिटारीचे जे माप प्रमाण मानले जाते, ते हेच होय.

१८५६ मध्ये त्याने घडविलेल्या एका गिटारीला ‘ला लेओना’, म्हणजे ‘सिंहीण’ असे नाव पडले. नावावरूनच तिच्या आवाजाची कल्पना यावी. दोन वर्षांनी सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याने एक अत्यंत कलाकुसरीची गिटार मांडली आणि तिला कांस्यपदक मिळाले. पण ज्या गिटारीमुळे पाहणारे चक्रावून गेले, ती निराळीच होती. गिटारीचा आवाज कशावर अवलंबून असतो, यावर कारागिरांत नेहमी वाद चाले. कोणी पाठीच्या मोलाच्या लाकडाला श्रेय देई, कोणी बाजूंच्या पट्ट्यांना. तोर्रेसचे मत असे की, सारे मर्म तबलीत आहे. वाद घालीत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली. तिची तबली नेहमीप्रमाणे उत्तम लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या! खेळण्यातील बाहुल्या ज्यापासून करतात, तोच हा पुठ्ठा. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो, तोच मार्ग या अल्पशिक्षित सुताराने धरला होता. ही पुठ्ठ्याची गिटार बार्सेलोना येथील संगीत-संग्रहालयात जतन केलेली आहे.

एवढे सगळे झाले, तरी लक्ष्मी काही त्याच्या कारखान्यात फिरकली नाही. एक गिटार मनाजोगी उतरावयास आठवडेच्या आठवडे लागत. कसून केलेल्या कामाचा मोबदला कसून मिळतोच असे नाही.

याच दिवसांतील एक हकीकत सांगतात. १८६९ मध्ये एक श्रीमंत व्यापारी सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन तोर्रेसच्या दुकानी आला. मुलाचे नाव फ्रान्सिस्को तारेगा. लहानपणी पाण्याच्या पाटात पडल्यामुळे त्याचे डोळे अधू झाले होते; घरची गरिबी होती. त्याला एक चांगली गिटार घेऊन द्यावी, म्हणून व्यापारी त्याच्यासह सेव्हिलला आला होता. तोर्रेसने दुकानातील एक साधी, बेताच्या किमतीची गिटार पुढे केली. पोरसवदा गिऱ्हाइकाला याहून अधिक काय हवे, असे त्याला वाटले असावे. मुलाने ती मांडीवर घेतली आणि वाजवावयास आरंभ केला.

तोर्रेस ऐकत राहिला. मग तो उठला, आत गेला आणि दुसरीच एक गिटार घेऊन आला. ती त्याने १८६४ मध्ये घडविली होती आणि कोणाला विकण्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी ठेवली होती. कारागीर दुसऱ्यांसाठी शेकडो वस्तू करतो. पण एखादीच अशी उतरते की तिच्यावरून हात फिरवावा आणि ती दृष्टीआड करू नये असे त्याला वाटते. आपली स्वतःची ती गिटार तोर्रेसने त्या मुलाच्या हाती दिली. ती देताना त्याच्या मनात काय आले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. हाच तारेगा पुढे त्या शतकातील थोर गिटारवादक व रचनाकार म्हणून प्रसिद्धीस आला.

यानंतर थोड्याच अवधीत, १८७०च्या सुमारास, तोर्रेसने सेव्हिलचा कारखाना बंद केला. १८६८ मध्ये त्याने होसेफा नावाच्या स्त्रीशी दुसरा विवाह केला होता. तिच्यासह तो आल्मेरियास परतला आणि रेआल नावाच्या रस्त्यावर त्या दोघांनी चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान थाटले. स्पेनमधील सर्वांत कुशल वाद्यकार आता बशा आणि पेले विकू लागला. यात हसण्यासारखे काही नाही; घरी खाणारी तोंडे असली म्हणजे माणसाला पदकांवर दिवस काढता येत नाहीत. पाचएक वर्षे त्याने गिटारीला हात लावला नाही असे दिसते.

परंतु हातांची सवय अशी सुटत नाही. १८७५च्या सुमारास दुकानाच्या कामातून सवड काढून तो पुन्हा तबल्या तासू लागला. ज्या उद्योगाचा आरंभ छंद म्हणून झाला, तो मध्यंतरी धंदा होऊन फिरून छंदावर आला होता. या काळातील गिटारींच्या पोटात चिकटविलेल्या चिठ्ठ्यांवर त्याने ‘दुसरे पर्व’ असा शब्द घालून एकेक क्रमांक टाकण्यास सुरुवात केली. आपले जीवन मधोमध तुटले होते आणि ते आपण पुन्हा सांधले, याची ती जणू नोंदच होती. १८८३ मध्ये होसेफा वारली. त्यानंतर त्याचे अधिकाधिक दिवस गिटारीच्या कामातच जाऊ लागले आणि वर्षाकाठी बाराच्या आसपास गिटारी त्याच्या हातून तयार होऊ लागल्या. त्यांत श्रीमंतांसाठी केलेल्या होत्या, तशा गरीब गिऱ्हाइकांसाठी स्वस्त लाकडाच्या, नक्षी नसलेल्याही होत्या. तबलीच्या कामात मात्र तो दोघांत भेद करीत नसे.

म्हातारपणी त्याचे हात थरथरू लागले. नाजूक पट्ट्या जागच्या जागी चिकटविणे कठीण होऊ लागले. तेव्हा हुआन मार्तिनेस सिर्व्हेंत नावाचा एक तरुण स्नेही त्याच्या मदतीस येऊन बसू लागला. तोर्रेस त्याला लाडाने हुआनितो म्हणत असे. एकदा भोजनप्रसंगी एका धर्मगुरूने तोर्रेसला विनंती केली की, गिटारीचे आपले रहस्य पुढील पिढ्यांसाठी त्याने सांगून ठेवावे. तोर्रेसला हसू आले. शहाणी माणसेही अशा भोळ्या समजुतीला बळी पडावीत याचे त्याने नवल केले. रहस्य म्हणून जे काही आहे, ते या हुआनितोने कितीदा तरी डोळ्यांदेखत पाहिले आहे, असे त्याने सांगितले. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या टोकांत तबली धरली असता ती योग्य झाली की नाही हे आपल्या बुद्धीला कळते. ते कळणे दुसऱ्याला देता येत नाही, आणि म्हणून ते आपल्याबरोबर थडग्यातच जाईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

१९ नोव्हेंबर १८९२ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तोर्रेसचे निधन झाले. त्याच्या हाताखाली तयार झालेला असा वारस शिष्य मागे नव्हता. गिटारी मात्र होत्या. माद्रिद व बार्सेलोना येथील कारागिरांनी त्या मिळवून मापे घेतली, पट्ट्यांची मांडणी न्याहाळली आणि त्या नमुन्यावर आपली वाद्ये बेतली. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोव्हियाने मोठमोठ्या सभागृहांतून जी गिटार लोकांना ऐकविली, तिची घडण याच परंपरेतील होती. हुआनितो पुढे धर्मोपदेशक झाला. तरुणपणी त्या म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून जे पाहिले आणि ऐकले, ते त्याने १९३१ मध्ये एका पत्रात लिहून ठेवले. भोजनप्रसंगाची ती गोष्ट त्यामुळेच आपल्याला ठाऊक आहे.

आणि तारेगा? सेव्हिलच्या दुकानात मिळालेली १८६४ची ती गिटार त्याने पुढे अनेक वर्षे मांडीवरून खाली ठेवली नाही. तिच्यानंतर त्याने जी दुसरी गिटार वापरण्यास घेतली, तीही १८८८ मध्ये आल्मेरियात, भांड्यांचे दुकान चालविणाऱ्या त्याच म्हाताऱ्याने घडविलेली होती.