नाना शंकरशेट आणि लोखंडी रस्ता

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घाटावरचा माल मुंबईस पोहोचविणे हे मोठे कष्टाचे काम होते. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून तांडे निघत, थळघाट उतरत आणि आठवड्यांमागून आठवडे चालून समुद्रकाठ गाठत. वाटेत पावसाने गाठले म्हणजे कापूस भिजे, चिखलाने मळे आणि त्याचा भाव उतरे. घाटाखाली कल्याण हे फार जुने बंदर. तेथून पुढे खाडीतून गलबते मुंबईकडे जात. वाहतुकीचा खर्च एवढा येई की, पिकविणाऱ्याच्या हाती थोडेच उरे. ही अडचण दूर करण्यासाठी ज्यांनी आपली प्रतिष्ठा आणि पैसा पणास लावला, त्यांत नाना शंकरशेट हे अग्रणी होते.

त्यांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. वडील मुंबईतील बडे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात अफाट संपत्ती हाती आली म्हणजे पुष्कळांचे पाय घसरतात. नानांनी मात्र व्यापार सांभाळला, इतकेच नव्हे तर आपली पत एवढी वाढविली की, अरब आणि अफगाण व्यापारी आपले धन पेढ्यांत न ठेवता त्यांच्या स्वाधीन करीत.

धन तिजोरीत पडून राहिले तर त्याचा देशाला उपयोग नाही, हे नानांना लवकर उमगले होते. एल्फिन्स्टन विद्यालयाच्या उभारणीस त्यांनी साह्य केले. पुढे १८४० पासून १८५६ पर्यंत ते सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद होते. या मंडळात एक मोठा वाद उपस्थित झाला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा मंडळाचे अध्यक्ष पेरी यांचा आग्रह होता. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. तरीही सामान्य रयतेपर्यंत विद्या पोहोचावयाची तर ती देशी भाषांतूनच पोहोचेल, हा आपला पक्ष त्यांनी सोडला नाही. मुलींनी शिकावे हे तेव्हाच्या समाजास रुचत नव्हते. अशा काळी मुलींच्या शाळेसाठी त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली.

१८४५ साली नानांनी सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह रेल्वेसाठी एक संस्था स्थापिली. मुंबईहून ठाणे-कल्याणमार्गे घाटमाथ्यावर लोहमार्ग न्यावा, ही कल्पना तेव्हा पुष्कळांना वेडगळ वाटे. बैल-घोड्यांवाचून धावणारी गाडी ही भुतांची करणी, असेही लोक म्हणत. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी कायद्याने स्थापन झाली आणि तिच्या मुंबईतील संचालकांत नानांची गणना झाली.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदराहून पहिली गाडी सुटली. तीन इंजिने, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित! एकवीस तोफांची सलामी झाली. ठाण्यापर्यंतचे अंतर चौतीस किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याची खाडी ओलांडून व पारसिकच्या डोंगरातून बोगदा काढून मार्ग कल्याणास पोहोचला. घाट चढणे त्याहून कठीण होते. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ साली पुरा झाला. ते कडे फोडताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.

या लोखंडी रस्त्याने देशाचे सारेच कल्याण झाले, असे म्हणता यावयाचे नाही. कंपनीचे बहुतेक भागीदार इंग्लंडात होते आणि त्यांच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिली होती. उत्पन्न कमी पडले तर ती तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथील शेतकऱ्याने भरलेल्या सारापट्टीतून, भरून काढली जाई. रूळ आणि इंजिनेही विलायतेहून येत. रस्ता आपल्या भूमीवर, पण त्याचा हिशेब लंडनमध्ये, असा हा प्रकार होता. राज्यकारभारात हिंदी लोकांना मत हवे, याची निकड अशा व्यवहारांतूनच जाणत्यांना पटत गेली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये नाना पुढे होते. डॉ. भाऊ दाजी आणि दादाभाई नौरोजी हे तरुण त्यांच्यासोबत होते. या संस्थेने रयतेची गाऱ्हाणी थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे मांडली.

१८५७ च्या उठावात नानांवर सरकारचा संशय गेला. चौकशी झाली, ते निर्दोष ठरले. १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत त्यांचा समावेश झाला. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. दोन्ही घाट आगगाडीने चढलेले त्यांना पाहावयास मिळाले.

या मार्गाने कापूस जसा मुंबईस आला, तशीच माणसेही आली. १८४९ साली मुंबईची वस्ती सुमारे साडेपाच लाख होती. १८६४ च्या शिरगणतीत ती आठ लाखांवर गेली. गिरण्या वाढल्या, खोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि कालांतराने माणसे रुळांच्या कडेने उत्तरेकडे सरकली. नानांच्या काळी डोंबिवली हे भातशेतीतले लहानसे खेडे होते. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली शहराची लोकसंख्या बारा लाखांवर आणि ठाणे शहराची अठरा लाखांवर भरली. पोट मुंबईत आणि बिऱ्हाड ठाण्या-कल्याणास, अशी लाखो कुटुंबांची रीत झाली.

कल्याणापुढे लोहमार्गाच्या दोन शाखा झाल्या. एक कसाऱ्याकडे वळली, दुसरी कर्जत-खोपोलीकडे. या दोहोंच्या मधल्या मुलखात मुरबाड आहे. नानांच्या हयातीत त्यांच्या जन्मगावी जावयाचे तर कल्याणास गाडीतून उतरावे लागे आणि पुढची वाट बैलगाडीनेच धरावी लागे.