वसईचे संत गोन्सालो गार्सिया

सोळाव्या शतकात वसईस जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे आदराने ठेवीत आहोत. तरुणपणी जपानात त्यांनी येशूसंघीय धर्मगुरूंची अनेक वर्षे सेवा केली. परंतु संघप्रवेश लाभला नाही. पुढे व्यापारात यश आले, तथापि अंतरीची ओढ शमली नाही. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानात गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांस संतपद प्राप्त झाले. पहिल्या नकारानेच श्रद्धा मावळती, तर वसई या संतास मुकली असती. आपल्या मुलामुलींस हे अवश्य सांगावे, ही आमची विनंती.