झाशीची राणी लक्ष्मीबाई : समान शिक्षणातून घडलेले कर्तृत्व आणि एका मुलाच्या हक्काचा लढा

भारताच्या इतिहासात राणी लक्ष्मीबाई यांचे नाव १८५७ च्या स्वातंत्र्यसमराशी कायमचे जोडले गेले आहे. घोड्यावर स्वार झालेली, हाती तलवार घेतलेली त्यांची प्रतिमा देशातील प्रत्येक शाळकरी मुलाला परिचित आहे. मात्र त्यांच्या चरित्राची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. ज्या काळात मुलींना अक्षरओळख करून देणेही अनेक घरांत गैर मानले जात होते, त्या काळात त्यांना मुलांच्या बरोबरीने शिकण्याची संधी मिळाली. पुढे त्यांनी इंग्रजी सत्तेशी जो संघर्ष केला, त्याच्या मुळाशीही एका लहान मुलाचा हक्क होता.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. वडील मोरोपंत तांबे हे पेशवे दुसरे बाजीराव यांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी काशी येथे होते. तेथेच मणिकर्णिकेचा जन्म झाला. तिच्या जन्मवर्षाबाबत अभ्यासकांत मतभेद असून १८२८ आणि १८३५ अशी दोन वर्षे सांगितली जातात. जन्मतिथी म्हणून १९ नोव्हेंबर हा दिवस सर्वत्र पाळला जातो. ती अवघी चार वर्षांची असताना आई भागीरथीबाई यांचे निधन झाले. चिमाजीअप्पांच्या मृत्यूनंतर मोरोपंत या लहान मुलीला घेऊन गंगाकाठच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, पेशव्यांच्या आश्रयाला आले.

आई नसलेल्या या मुलीचे बालपण बिठूरच्या वाड्यात गेले. बाजीरावांना तिचा लळा लागला आणि ते तिला छबिली म्हणू लागले. घरात मनू या नावाने हाक मारल्या जाणाऱ्या या मुलीला पेशव्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब आणि त्यांच्या बरोबरीच्या मुलांची सोबत लाभली. मुले ज्या गुरुजींकडे लिहिणे-वाचणे शिकत, त्यांच्याकडे मनूही शिकू लागली. अश्वारोहण, तलवारबाजी आणि मल्लखांब यांचेही शिक्षण तिला मिळाले. मुलगी म्हणून तिला या विद्यांपासून दूर ठेवले गेले नाही.

असे असले तरी समानतेची ही वाट पूर्णपणे मोकळी नव्हती. नानासाहेब हत्तीवर बसून फेरफटक्याला निघाले असता मनूने सोबत जाण्याचा हट्ट धरला, परंतु तिला नेण्यात आले नाही, अशी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. हत्ती आपल्या नशिबी नाही, अशी वडिलांनी समजूत घातली. त्यावर आपल्या नशिबी अनेक हत्ती असल्याचे त्या मुलीने बाणेदारपणे सांगितले, असे म्हणतात. प्रसंगाचा तपशील कसाही असो, आश्रिताची मुलगी आणि पेशव्यांचा पुत्र यांच्यातील अंतर त्या वयातही तिला जाणवले असावे, हेच ही कथा सांगते.

महात्मा जोतिराव फुले यांनी पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ मध्ये. मनूचे शिक्षण त्याच्या आधीचे. तिला मिळालेली संधी एका राजघराण्याच्या आश्रयामुळे आणि एका पित्याच्या मोकळ्या दृष्टीमुळे लाभली होती. बिठूरमधील अथवा झाशीतील सामान्य घरच्या मुलीला अशी वाट उपलब्ध नव्हती. तिच्या शिक्षणाचे महत्त्व ओळखताना ही मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते.

१८४२ मध्ये मनूचा विवाह झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. नेवाळकर घराणे मूळचे कोकणातील रत्नागिरी परिसरातले. पेशव्यांचे सुभेदार म्हणून ते बुंदेलखंडात आले आणि तेथेच स्थिरावले. १८१७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने झाशीचे राज्य या घराण्याकडे वंशपरंपरेने चालेल, असे मान्य करण्यात आले होते.

गंगाधररावांना नाटकांची आणि ग्रंथांची आवड होती. झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथालय दूरवर ख्यात होते. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि काही काळ झाशीत राहिले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात या ग्रंथसंग्रहाचे वर्णन आले आहे. वेद, शास्त्रे, पुराणे अशा नाना विषयांच्या पोथ्या तेथे जतन केलेल्या होत्या आणि विद्वानांना त्यांचा उपयोग होत असे. लक्ष्मीबाई झाशीत आल्या त्या अशा विद्याप्रेमी वातावरणात. मात्र राजघराण्यातील स्त्रीवर असणारी पडद्याची बंधने त्यांनाही चुकली नाहीत.

१८५१ मध्ये राणींना पुत्र झाला, परंतु तो चार महिन्यांतच दगावला. गंगाधररावांची प्रकृती खालावत गेली. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी नेवाळकर कुळातील वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव यास ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत विधिपूर्वक दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मुलगा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांचे निधन झाले.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी हे दत्तकविधान राज्याच्या वारसाहक्कासाठी मान्य केले नाही. १८५४ च्या प्रारंभी झाशी खालसा करण्यात आली. राणींना दरमहा पाच हजार रुपयांचा तनखा देऊ करण्यात आला आणि किल्ला सोडून त्यांना शहरातील राणीमहालात राहावे लागले. दामोदररावास गंगाधररावांच्या खासगी संपत्तीचा वारस मानण्यात आले. पण ती रक्कम तो सज्ञान होईपर्यंत सरकारने आपल्या ताब्यात ठेवली. एकाच दत्तकविधानाने मुलगा संपत्तीपुरता वारस ठरला आणि राज्यापुरता परका. ही विसंगती राणींनी आपल्या अर्जांतून वारंवार मांडली.

राणींनी या टप्प्यावर शस्त्र उचलले नाही. त्यांनी तहाची कलमे आणि बुंदेलखंडातील इतर संस्थानांतील दत्तकांचे दाखले यांच्या आधारे आपली बाजू लेखी मांडली. जॉन लँग या वकिलाला त्यांनी झाशीला बोलावून घेतले. लँग यांनी या भेटीची हकिकत लिहून ठेवली आहे. राणी पडद्याआडून बोलत असताना लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला आणि त्यामुळे लँग यांना राणींचे ओझरते दर्शन घडले. ज्या मुलाच्या भवितव्याबद्दल मोठी माणसे बोलत होती, तो तेथेच वावरत होता. डलहौसींनी राणींची मागणी फेटाळली आणि लंडनला केलेल्या अपिलाचाही उपयोग झाला नाही.

यानंतर दामोदररावाच्या मुंजीचा प्रश्न उभा राहिला. त्या काळच्या रीतीनुसार मुंज म्हणजे मुलाच्या विद्याभ्यासाचा आरंभ. या समारंभासाठी सरकारकडे ठेवलेल्या रकमेतून एक लाख रुपये मिळावेत, अशी मागणी राणींनी केली. पैसा मुलाचाच होता आणि खर्चही त्याच्याचसाठी होता. तरीही जामीन घेतल्याशिवाय ही रक्कम देण्यास सरकार तयार झाले नाही. मुलाने मोठेपणी दावा केल्यास पैसे परत करण्याची हमी सरकारला हवी होती. अखेरीस झाशीतील प्रतिष्ठित नागरिक जामीन राहिले आणि मुंज पार पडली. एका मुलाच्या शिक्षणारंभासाठी गावातील माणसांनी आपली पत पणाला लावली. राणी आणि झाशीचे रहिवासी यांच्यातील नाते या घटनेतून स्पष्ट होते.

जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव केला. इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे मारली गेली. शिपाई दिल्लीच्या दिशेने निघून गेल्यावर शहराचा कारभार राणींच्या हाती आला. ओरछाच्या फौजेने झाशीवर केलेली चढाई त्यांनी परतवून लावली. या काही महिन्यांच्या राजवटीचे चित्र गोडसे भटजींनी जवळून रेखाटले आहे. पहाटे व्यायाम आणि घोड्यावरून रपेट, त्यानंतर स्नान, पूजा आणि दानधर्म, दुपारनंतर दरबारात न्यायनिवाडा, असा राणींचा दिनक्रम होता. लिहिलेला मजकूर त्या स्वतः वाचत आणि हुकूमही स्वतः लिहीत. बिठूरला गिरवलेली अक्षरे येथे राज्यकारभारात उपयोगी पडत होती.

गोडसे भटजींनी नोंदवलेला एक प्रसंग विशेष लक्षणीय आहे. थंडीच्या दिवसांत महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणींना गोरगरिबांच्या जमावाने वाटेत गाठले. ही माणसे थंडीने गारठली असून त्यांच्याकडे पुरेसे कपडे नाहीत, हे कळताच राणींनी शहरातील गरिबांना उबदार कपडे आणि पांघरुणे वाटण्याची आज्ञा दिली. शिंप्यांना कामाला लावून ती अमलात आणली गेली. लढाईतील जखमींच्या मलमपट्टीच्या वेळीही राणी जातीने हजर राहत.

स्त्रियांच्या सहभागाबाबतही झाशीचे वेगळेपण दिसते. बालपणी स्वतःला लाभलेले शस्त्रशिक्षण राणींनी वाड्यातील आणि शहरातील स्त्रियांपर्यंत नेले, असे परंपरा सांगते. कोरी समाजातील झलकारीबाई यांचे नाव बुंदेलखंडाच्या लोककथांत राणींच्या बरोबरीने घेतले जाते. भारतीय टपाल खात्याने २००१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा दिला, तेव्हा तटबंदीवर स्त्रिया दारूगोळा वाहून नेताना आणि डागडुजी करताना दिसत होत्या, अशी नोंद इंग्रजांच्या बाजूनेही झाली आहे. गुलाम घौस खान यांच्यासारखे तोफची तोफा सांभाळत होते. जात, धर्म आणि स्त्री-पुरुष हे भेद त्या दिवसांपुरते तरी मागे पडले होते.

३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज फौज शहरात घुसली. कत्तल आणि लुटालूट अनेक दिवस चालली. राजवाड्यातील ग्रंथालयाचाही त्यात विध्वंस झाला. पिढ्यान् पिढ्या जमवलेल्या पोथ्या फाडल्या आणि उधळल्या गेल्या. गोडसे भटजींनी हे दुःख मोठ्या कळवळ्याने लिहिले आहे. मोरोपंत तांबे पकडले गेले आणि त्यांना झाशीत फाशी देण्यात आली. मुलीला शिकू देणाऱ्या पित्याचा शेवट असा झाला.

राणी दामोदररावासह किल्ल्यातून निसटल्या. लोकस्मृतीत तो त्यांच्या पाठीशी बांधलेला आहे आणि पुतळ्यांतही त्याचे हेच रूप दिसते. काल्पीमार्गे त्या ग्वाल्हेरला पोहोचल्या. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ झालेल्या लढाईत त्यांना वीरमरण आले. भारतात १८ जून हा दिवस त्यांचा बलिदान दिन म्हणून पाळला जातो.

राणींच्या चरित्रातील मुलाची कहाणी येथे संपत नाही. विश्वासू सोबत्यांनी दामोदररावास घेऊन जंगलाचा आश्रय घेतला. सुमारे दोन वर्षे हा मुलगा रानोमाळ भटकत राहिला. इंग्रजांच्या भीतीने गावे आसरा देण्यास धजावत नव्हती. आजारपण, उपासमार आणि पावसाळे त्याने उघड्यावर काढले. शिकण्याच्या वयातील ही वर्षे अशी गेली. १८६० मध्ये इंग्रजांना शरण गेल्यानंतर त्यास इंदूरला ठेवण्यात आले, अल्पसा तनखा मिळाला आणि एका मुन्शींच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण सुरू झाले. तो सज्ञान झाल्यावर द्यावयाची संपत्ती मात्र त्यास परत मिळाली नाही. २८ मे १९०६ रोजी इंदूरमध्येच दामोदररावांचे निधन झाले. त्यांचे वंशज झाशीवाले हे आडनाव लावतात.

आज झाशीत राणींच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि केंद्रीय कृषी विद्यापीठही आहे. ग्वाल्हेरमध्ये त्यांच्या बलिदानाच्या आसपासच्या परिसरात शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. १८५७ च्या समराच्या शताब्दी वर्षात, म्हणजे १९५७ मध्ये, तिची स्थापना झाली. समग्र शिक्षा अभियानात शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या विद्यार्थिनींना स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्या योजनेलाही राणी लक्ष्मीबाई यांचेच नाव आहे. बिठूरच्या वाड्यात एका मुलीला जे मिळाले, ते आज गावोगावच्या शाळेतील मुलींपर्यंत पोहोचवण्याचा हा प्रयत्न आहे.

राणींच्या चरित्रातून दोन मुलांची बालपणे समोर येतात. आईविना वाढलेल्या मनूला गुरू, सवंगडी आणि मोकळे अंगण मिळाले आणि तिच्या अंगचे गुण फुलले. दामोदररावाकडे कुलाचे नाव होते, त्याच्या नावे संपत्तीही होती, तरी ऐन शिकण्याच्या वयात त्याच्या डोक्यावर छप्पर उरले नाही. मुलाची गुणवत्ता फुलण्यासाठी त्याच्याभोवतीच्या समाजाचा आधार किती आवश्यक असतो, हे या दोन बालपणांतील अंतर दाखवते. दामोदररावाच्या मुंजीसाठी जामीन राहिलेल्या झाशीच्या नागरिकांनी तो आधार आपल्या परीने देऊ केला होता. राणींच्या पराक्रमाचे स्मरण करताना त्या नागरिकांचेही स्मरण व्हावयास हवे.